एकवीस रुपयांचा पाला आणि एकशे नऊ रुपयांचं बिल

अहो, ऐकलंत का? या, जरा अशा कठड्याशी या. वरच्या गॅलरीत कुणी उभं नाही ना? मग सांगते.

मधल्या वाड्यातल्या सूनबाईंचं ते कोथिंबिरीचं प्रकरण. तुम्ही हळदीकुंकवाचं वाण घेऊन लवकर निघालात आणि इकडे... अहो, आपल्या त्याच गणेश मंदिरात १८४२ साली झाशीच्या राणीसाहेबांचं लग्न लागलं, तेव्हा अंतरपाट धरल्यावरसुद्धा एवढी शांतता झाली नसेल!

झालं काय, मटारच्या उसळीवर घालायला कोथिंबीर नाही. जानेवारीत! झाशीत! इथं पावशेर मटार घेतले की भाजीवाला मूठभर कोथिंबीर न मागता पिशवीत टाकतो. पण सूनबाई पडल्या पुण्याच्या. ‘कशाला कुणी चिखलातून जायचं, मी मागवते ना,’ म्हणाल्या. सकाळीच थंडीतल्या पावसाची महावट झालेली, वरून भुरभुर चालूच. दोनदा बोट फिरवलं आणि फोन ठेवला सतरंजीवर. नेमका सासूबाईंच्या पुढ्यात. ठेवावा का हो असा फोन?

दहा मिनिटं झाली, वीस झाली. तसं ते ‘दहा मिनिटांत’ लिहिणं ब्लिंकिट अ‍ॅपनं संक्रांतीच्या तोंडावर काढूनच टाकलंय म्हणा. २०२५ च्या ३१ डिसेंबरला डिलिव्हरीच्या पोरांनी संप केला, मग दिल्लीहून श्रममंत्र्यांनी कंपन्यांना सांगितलं, की जीव धोक्यात घालून पळवू नका पोरांना. बरं झालं. तर काय सांगत होते... हां, फोन वाजला. सूनबाई आत वाट्या भरत होत्या, सासूबाईंनी, म्हणजे आपल्या आजींनी, उचलला. पलीकडून पोरगा, ‘आंटी, माणिक चौक में खड़ा हूँ, लोकेशन ग़लत दिखा रहा है।’ आपल्या शहरातल्या गल्ल्या त्या नकाशात कुठून मावणार! आजी म्हणाल्या, ‘थांब तिथंच,’ आणि शेजारच्या मुलीला छत्री देऊन धाडलं. म्हणजे बघा, घरपोच सामान, आणि आणायला आपलंच माणूस.

बरं, फोन हातातच होता. पडद्यावर बिल उघडं. आजींनी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं की हो! मोठ्यानं. कोथिंबीर १२. हिरवी मिरची ९. इथवर कुणाचं लक्ष नव्हतं, बायका उखाण्यांत रमलेल्या. मग आलं डिलिव्हरी ३०. हँडलिंग १०. ऑर्डर लहान म्हणून २०. पाऊस म्हणून १५. आणि त्या पंच्याहत्तरावर जीएसटी १३ रुपये ५० पैसे. एकूण १०९.५०.

‘एकवीस रुपयांच्या पाल्याला एकशे नऊ?’ आजी म्हणाल्या. ‘आणि हे लहान ऑर्डरचे वीस कसले? कमी घेतलं म्हणून दंड?’

सूनबाई दारात उभ्या, हातात उसळीचा ट्रे. चेहरा असा पडला ना... मला तर खरंच वाईट वाटलं. म्हणजे नंतर वाटलं. तेव्हा मी आपली सिव्हिल लाइन्सवाल्या काकूंकडे बघत होते. पदरात तोंड खुपसून हसत होत्या त्या. आणि सूनबाई काय बोलून गेल्या माहितीये? ‘आई, १९९ चं मागवलं असतं तर डिलिव्हरी फ्री होती.’

‘मग उरलेल्या एकशे अठ्ठ्याहत्तरांचं काय घेणार होतीस?’

झालं! काकूंची धाकटी जाऊ लगेच म्हणते, ‘आमच्याकडे या बघायला. नूडल्सची पाकिटं, तीन रूम फ्रेशनर, केसांच्या पिना... सगळं डिलिव्हरी फुकट करायला घेतलेलं.’ काकूंचं हसू जागच्या जागी गोठलं. पदर सारखा करत बसल्या ते निघेपर्यंत.

तेवढ्यात आजींचा भाचा आला, तो ग्वाल्हेरला सीए करतोय ना, तो. आईला न्यायला आला होता, पण बिलाचं नाव काढल्यावर बसलाच. तो म्हणाला, डिलिव्हरीवरचा हा अठरा टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून. लक्षात आहे ना तुमच्या ती तारीख? नवरात्राची घटस्थापना. त्याच दिवशी साबण, शाम्पू, टूथपेस्ट अठरावरून पाचावर आले, तूप-लोणी बारावरून पाचावर, पाकिटातलं पनीर तर शून्यावर. मी म्हटलं, म्हणजे साबणावरचा कर उतरला आणि साबण आणून देण्यावरचा चढला? तर तो ओशाळून हसला. ‘मावशी, तसं नाही, तो आधीच...’ पण पुढचं कुणी ऐकलंच नाही, कारण आजींनी विचारलं, ‘आणि हे हँडलिंग म्हणजे? कोथिंबीर हाताळली म्हणून?’

तर म्हणे, हे तुकडे मुद्दामच वेगळे ठेवतात. वस्तूचा दर कमी दिसला पाहिजे. एकेक आकार शेवटी, पैसे भरायच्या क्षणी पुढे करायचा. याला ड्रिप प्रायसिंग म्हणतात, आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये असले तेरा प्रकार लिहून काढून मनाई केलीय. न विचारता टोपलीत काहीतरी सारून देणं हाही त्यातलाच एक. मनाई आहे, आणि इकडे... असो. जेवणाच्या ऑर्डरींचंच बघा ना. झोमॅटोनं प्लॅटफॉर्म फी २०२३ च्या ऑगस्टमध्ये दोन रुपयांवर सुरू केली. दोन रुपये कोण मोजतंय! २०२५ च्या सप्टेंबरात तीच बारा झाली होती.

काकूंना मात्र तोंड दाखवायला काहीतरी हवं होतं, म्हणून त्या आपल्या पुण्याहून मागवलेल्या चिवड्याची रड सांगायला लागल्या. तुम्हाला ठाऊकच आहे, इथं धड भाजणी मिळत नाही की गोडा मसाला. दिवाळीला त्यांनी एक किलो चिवडा कुरियरनं मागवला. कुरियरवाल्यानं पैसे घेतले जवळजवळ चार किलोंचे! का, तर म्हणे वजन नाही, आकार. खोका ३० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, २० उंच. गुणाकार करायचा, भागिले ५०००. साडेतीन किलोंच्या वर जातं ते. चिवडा फुगीर, खोक्यात निम्मी हवा, त्या हवेचंही भाडं. काकूंनी यंदा मेतकूट मुकाट्यानं घरीच दळलं. आणि मला वाटीभरसुद्धा दिलं नाही, ते जाऊ दे.

तर काय सांगत होते... हां, पोरगा! शेजारच्या मुलीबरोबर तोही आलाच मंदिरापर्यंत. ओटीपी हवा होता त्याला. हेल्मेट काढलं आणि आजी ओरडल्या, ‘अगंबाई, तू?’ अहो, सुभाषगंजातल्या आपल्या लालांचा पोऱ्या! तोच, सायकलला दोन्हीकडे पिशव्या लावून महिन्याचं सामान आणायचा. डाळ-तांदूळ वरपर्यंत चढवायचा, चहा प्यायचा, उधारीच्या वहीत आजींची सही घ्यायचा. आता पाठीवर तो मोठा चौकोनी डबा. आजींनी तिळगूळ दिला आणि विचारलं, या तीस रुपयांतले तुला किती? तर नुसता हसला. ‘अम्मा, खेप के हिसाब से मिलता है, किलोमीटर देखते हैं।’ पाऊस म्हणून घेतलेल्या पंधरांचं विचारलं, तर म्हणाला, ‘कभी कुछ जुड़ जाता है।’ भाच्यानं सांगितलं, की नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षेचा नवा कायदा लागू झालाय, कंपन्यांनी उलाढालीच्या एक-दोन टक्के या पोरांसाठी बाजूला काढायचेत. आजी पटकन म्हणाल्या, ‘काढू देत. पण मला सांग, ती ओळ उद्या याच बिलात खाली येणार की नाही?’ भाचा गप्प.

पोरगा मात्र चटकन निघाला. पुढची ऑर्डर लागली होती त्याला.

आता खरी गंमत ऐका. काल मी गेले सुभाषगंजला. लालांना म्हटलं, ‘लालाजी, तुमचा पोऱ्या दिसला परवा, मोठा डबा पाठीवर घेऊन.’ अहो, तराजूत साखर ओतत होते, हात तसाच थांबला. चेहरा बघवेना. मग म्हणाले, ‘बहूजी, जाने दीजिए। दो हज़ार ज़्यादा माँग रहा था।’ मी म्हटलं, ‘तुम्ही मात्र डिलिव्हरीचा पैसा कधी घेतला नाहीत हं.’ तर इकडेतिकडे बघून हळूच काय म्हणावं त्यांनी! ‘लेते थे बहूजी। दाल में।’

आता बोला. इतकी वर्षं आपण म्हणत आलो, लाला बिचारे फुकट पोचवतात. ते तूरडाळीत पोऱ्याचा पगार काढत होते आणि आपण वर त्याला चहा पाजत होतो! पण मला राग नाही आला, खरं सांगते. दोन रुपये डाळीत गेले असतील, पण मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत खंडेराव गेटापर्यंत जायचे माझे पाय वाचले. आणि पाव किलो गूळ मागवला तरी तो यायचा, ‘लहान ऑर्डर’ म्हणून कुणी तोंड वाकडं केलं नाही. शिवाय महिन्याअखेर पैसे नसले तर वही होती. या फोनला सांगून बघा बरं, पहिल्या तारखेला देते म्हणून!

सूनबाई? बोलत नाहीत अजून सासूबाईंशी. तरी आजींनीच काल रात्री हळूच विचारलं म्हणे त्यांना, ‘त्यावर कवळीची पेस्ट मिळते का गं?’ हे मला कुणी सांगितलं ते विचारू नका.

बरं, ऐका ना. तुमच्याकडे साबुदाणा आहे का घरात? नसेलच. नाही, मी आत्ताच थोडं सामान भरलंय त्यात, आणि १९९ ला अडतीस रुपये कमी पडताहेत. अर्धा किलो साबुदाणा तुमच्या नावानं घातला की बसतंय बरोब्बर. लेकानं परवाच घालून दिलंय हो फोनमध्ये, मी काही मागितलं नव्हतं... पैसे काय, सावकाश द्या. सुट्टे असले तर आत्ताच द्या.