मिनिमम तीनशे किलोमीटर

नांदेड ते लातूर हे अंतर लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे साधारण १४० किलोमीटर भरते. घाईतला माणूस ते तीन तासांत उरकतो. खासगी गाडीच्या संथ प्रवासात मात्र हेच अंतर चार दिवस पुरवून खाल्ले जाते. त्यासाठी लोह्याला हमरस्ता सोडायचा. मग कंधार, उदगीर, निलंगा, खरोसा, औसा असा वळसा घालून शेवटी लातूर गाठायचे. नकाशावर ही वाट गुळाचा खडा हरवलेल्या मुंगीने आखल्यासारखी दिसते.

गाडी ‘स्पेशल’ करावी लागते. भाडे किलोमीटरवर ठरते, पण रोजचे रनिंग किमान तीनशे धरतात. कमी फिरले तरी पैसे तीनशेचेच. टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. संथ प्रवाशाचे रनिंग दिवसाला सहसा सत्तरच्या वर जात नाही. म्हणजे न पाहिलेल्या दोनशे तीस किलोमीटरचे भाडे तो रोज इमानेइतबारे भरतो. जपानमध्येही हाच व्यवहार जरा देखण्या कागदावर होतो. तिथे १९६४ पासून शिंकान्सेन धावते, टोकियोहून क्योटोला सव्वादोन तासांत नेते. त्याआधी कित्येक शतके लोक तोकाइदो नावाच्या रस्त्याने, वाटेतल्या ५३ ठाण्यांवर थांबत, हेच अंतर दोनेक आठवड्यांत पायी तोडत. आता वेगवान गाडी हाताशी असताना जुन्या चालीने जाण्यासाठी तिथे जादा पैसे मोजावे लागतात. मराठवाड्यात संथपणा रस्त्यावर फुकट मिळतो. पैसे पडतात ते मिनिममचे.

या प्रवासातले कालमापनाचे मुख्य एकक ‘आलोच’ हे होय. सातला निघायचे ठरलेले असते. सव्वासातला फोन केल्यास ड्रायव्हर म्हणतो, “आलोच सर, गाडी धुवायला लालाव.” एक आलोच म्हणजे दहा मिनिटांपासून सव्वा तासापर्यंत काहीही. मधल्या वेळात नाश्ता उरकावा, असा संकेत आहे. हॉटेलातला पोऱ्या यादी म्हणतो: पोहे, उपमा, सुशीला. पुण्या-मुंबईचा प्रवासी इथे एकदा दचकतो आणि मालकीणबाईंना उगाच हाक कशाला, असे सौजन्याने सुचवतो. सुशीला म्हणजे भिजवून पिळलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, हिरवी मिरची, हळदीची फोडणी, वर डाळव्याचे पीठ आणि कोथिंबीर. ती गरम असेपर्यंतच खावी; निवल्यावर मुरमुरे चिवट होतात. दुसरी प्लेट संपता संपता गाडी येते. बोनेटवर झेंडूचा हार, बंपरला लिंबू-मिरची आणि ड्रायव्हरच्या मिशीला सुशीलाच लागलेली.

नांदेड पाहायला सचखंड श्री हुजूर साहिबपासून सुरुवात करतात. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये इथेच देह ठेवला. त्यांच्यानंतर देहधारी गुरू नसावा, गुरुस्थानी ग्रंथसाहिब असावा, ही परंपरा याच गावाशी बांधलेली आहे. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. आजची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतली. लाहोरच्या राजाने गोदावरीकाठी बांधकाम काढायचे, तेही रेल्वे नसलेल्या काळात. संथ कामाचा याहून मोठा दाखला या वाटेवर नाही. प्रवाशाने दर्शनाला एक तास धरलेला असतो. तो हिशेब लंगरात मोडतो. पंगतीत मांडी घातली की सेवादार ‘परशादा जी’ म्हणत येतो. पोळी दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे करून घ्यायची असते. एका हाताने घेऊ पाहणाऱ्याला शेजारचे आजोबा डोळ्यांनी दुरुस्त करतात. डाळ वाढणारा बादली घेऊन तिसऱ्यांदा येतो तेव्हा ‘नको’ हा शब्द पंजाबीत कसा म्हणतात हे प्रवाशाला आठवत नाही. तो मराठीत म्हणतो, तर समोरचे सरदारजी त्याच्यापेक्षा अस्सल मराठीत सांगतात, “घ्या की अजून, लाजताव कशाला?” कित्येक पिढ्या इथेच नांदलेली ही घरे आहेत. बाहेर ड्रायव्हर सीट मागे पाडून झोपलेला असतो. त्याचे जेवण प्रवाशाच्या आधीच्या पंगतीत झालेले असते.

लोह्याच्या पुढे वेग कमी होण्याची कारणे ऋतूप्रमाणे बदलतात. दिवाळीच्या सुमारास अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेले असते आणि उरलेल्या अर्ध्यावर ते राखणारा म्हातारा बाज टाकून बसलेला असतो. त्यानंतर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे विकत घेणारे आणि नुसतेच दात तपासून भाव पाडणारे, असे सगळे तेव्हा रस्त्यावरच असतात. कोणताच हंगाम नसेल तर ड्रायव्हरचे पाहुणे असतात. वाटेतल्या प्रत्येक तालुक्यात त्याची एक तरी सोयरीक निघते. पाहुण्यांकडे फक्त पाणी प्यायचे असते. पाण्यामागून चहा, चहामागून ‘गाव कुठलं, रान किती, मुलं काय करतेत’ अशी तोंडी परीक्षा आणि तिच्यात पास झालेल्याला पिठलं-भाकरी. जपानी चहासोहळ्याला नियम फार असतात म्हणतात. इथे नियम एकच: कप उपडा घालायचा नाही.

कंधार हा या वळशातला सर्वांत श्रीमंत थांबा. घरच्या ग्रुपवर ‘कंधारला पोचलो’ असा संदेश टाकण्यापूर्वी मात्र विचार करावा. १९९९ च्या विमान अपहरणापासून मराठी घरांत हे नाव अफगाणिस्तानासाठी राखीव आहे, आणि मावशीला फोन करून तालुका समजावण्यात अर्धा तास जातो. मन्याड नदीच्या खोऱ्यातला हा भुईकोट किल्ला राष्ट्रकूटांच्या काळाशी, त्यातही कृष्ण तिसरा (९३९–९६७) याच्याशी जोडला जातो. पुढे बहमनी, निजामशाही, मोगल आणि हैदराबादकर निजाम असे धनी बदलत गेले. खंदक रुंद, तटबंदी दुहेरी आणि दरवाजे असे तिरके की हत्तीला धावत येऊन धडक मारायला जागाच मिळू नये. हल्ली त्याच वळणावर सेल्फी काढणारे एकमेकांना धडकतात. गावाजवळचा तलावही राष्ट्रकूटकालीन. त्याचे नाव जगत्तुंग समुद्र. समुद्रापासून शेकडो कोस आत राहणाऱ्यांनी तळ्याला समुद्र म्हणावे, यात पाण्याची किंमत दिसते. कंधारलाच एका अवाढव्य क्षेत्रपाल मूर्तीचे तुकडे सापडले आहेत. नुसते पाऊल बघून प्रवासी उरलेल्या देवाचा अंदाज बांधत मान वर करत जातो आणि शेवटी आभाळाकडे बघत उभा राहतो. ड्रायव्हरला वाटते, पाऊस बघतोय. तो काचा वर करतो.

उदगीरचा किल्ला बालाघाटाच्या कडेवर आहे आणि उदागीर बाबांची समाधी किल्ल्यातच आहे. गावाचे नाव त्यांच्यावरून. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला जेरीस आणले ती उदगीरची लढाई म्हणून प्रसिद्ध असली, तरी ती एका जागी उभे राहून झालेली नाही. निजामाचे सैन्य तोफा मध्ये घेऊन औशाच्या बाजूला सरकत होते आणि मराठे भोवतीने टोचत होते. थोडक्यात, उदगीर ते औसा हा टप्पा फार पूर्वीपासून सावकाशच पार होत आला आहे. साठ लाखांचा मुलूख आणि इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा लौकिक घेऊन भाऊ वर्ष उलटायच्या आत पानिपतावर गेले. उदगीरच्या कट्ट्यावर बसलेल्या प्रत्येक माणसाजवळ या घाईवर एक मत असते आणि ते ऐकायला दीड तास लागतो.

निलंग्यात नीलकंठेश्वराचे तारकाकृती तलविन्यासाचे मंदिर आणि सकाळी गाड्यावर मिळणारा निलंगा राईस, अशी दोन स्थळे आहेत. बहुतेकांचा क्रम उलटा असतो. खरोशाची लेणी जांभ्या दगडात कोरलेली, साधारण सहाव्या शतकातली. हा दगड कोरायला सोपा आणि झिजायलाही. कैलास उचलणारा रावण त्यामुळे आता कैलासापेक्षा स्वतःचे उरलेसुरले दंड सावरतोय, असा भास होतो.

औसा किल्ला बांधणाऱ्याने शत्रूसाठी केलेली युक्ती पर्यटकांवर अजून चालते. भोवताली उंच जमीन, किल्ला मधल्या खोलगट भागात. आतल्या उंच बुरुजावरून येणारा दूरवर दिसतो. येणाऱ्याला मात्र खंदकापाशी जाईपर्यंत किल्ला दिसत नाही. ड्रायव्हर तिथून दोनदा पुढे निघून जातो. तिसऱ्या खेपेला पानटपरीवाला न विचारताच हात करून म्हणतो, “मागं ऱ्हायला की हो!”

लातूरला पोचल्यावर गंजगोलाईत शिरावेच लागते. १९१७ सालची ही गोल दुमजली बाजारपेठ. मध्ये जगदंबेचे देऊळ आणि चारी दिशांना सोळा रस्ते. सराफा, भांडी, भुसार, कापड अशा पेठा रस्त्यागणिक वाटलेल्या. सोळांपैकी नेमका आपला रस्ता पहिल्या फेरीत सापडला, तर प्रवासी लातूरचा आहे असे समजावे. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. पहिली प्रदक्षिणा पुरी होते तेवढ्या वेळात ही पदवी एकदा नीट म्हणून होते.

परतीची रेल्वे पकडताना तिकीट पुन्हा वाचावे. प्रवाशाने बहुधा ‘लातूर रोड’ असे लिहिलेले पाहून ते लातुरातल्याच एखाद्या रस्त्यावरचे स्टेशन मानलेले असते. लातूर रोड हे चाकूर तालुक्यातले जंक्शन आहे. लातूर शहरापासून तीसेक किलोमीटर, आणि नेमके त्या सरळ रस्त्याच्या बाजूला, जो पहिल्या दिवशी लोह्याला सोडला होता. ड्रायव्हर मीटर बघतो. चार दिवसांत आज प्रथमच रनिंग शंभराला टेकणार असते. तो समाधानाने म्हणतो, “चला, पन आधी चहा घिऊ. गाडी लेटच असती.”