लिनिया माहेरी निघाली

रांजणगावला माणसं दोन कारणांनी जातात. काही महागणपतीला, काही कंपनीत. आमचे दाजी तिसऱ्याच कारणाने निघाले. त्यांना गाडी माहेरी न्यायची होती.

गाडी म्हणजे फियाट लिनिया, डिझेल, २०११ची. घराणं इटलीतल्या तुरिनचं, थोरली बहीण २००७ साली तुर्कस्तानात बुर्सा शहरात जन्मली, आणि २००९च्या जानेवारीत ही मंडळी भारतात अवतरली ती थेट शिरूर तालुक्यात. रांजणगाव एमआयडीसीत फियाट आणि टाटा यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत चालवलेल्या कारखान्यात. आता तिची पंधरा वर्षं भरत आली. खासगी गाडीच्या आरसीला मुदतच तेवढी असते. पुढची पाच वर्षं हवी असतील तर आरटीओत तपासणी, शुल्क आणि वर पर्यावरण कर. त्यामुळे ठेवायची की काढायची, हा विषय घरात रोज पानावर वाढला जात होता. ताईचं मत : काढा. दाजींचं मत : संसार मोडण्याआधी एकदा माहेरच्यांना विचारायची पद्धत आहे.

यावर ताईने माझ्याकडे बघितलं. तिच्या माहेरचा म्हणून मी निमूट मागच्या सीटवर बसलो.

निघण्याआधी पंप. दाजींकडे एक वही आहे, तिच्यात गाडीने आजवर प्यायलेल्या डिझेलचा थेंब न् थेंब मांडलेला आहे. डॅशबोर्डवरचा आकडा ते मानत नाहीत. ‘ते गाडी स्वतःच सांगते. स्वतःबद्दल कोण खरं बोलतं?’ खरी पद्धत टाकी टू टाकी. गळ्यापर्यंत भरायची, जायचं, परत गळ्यापर्यंत भरायची आणि भागाकार करायचा. पण गळा नेमका कुठे असतो, यावर पंपावरचा पोरगा आणि दाजी यांचं कधीच एकमत होत नाही. नोझल आपोआप कट झालं की पोऱ्या म्हणतो, ‘झालं, काका.’ काका म्हणतात, ‘हा फेस आहे. फेस बसू दे.’ मग फेस लवकर बसावा म्हणून मला खाली उतरवून गाडी मागून हलवायला लावली. पंधरा वर्षांची गाडी गदागदा हलवणारा माणूस बघून मागच्या रिक्षावाल्याने विचारलं, ‘धक्का देऊ का?’ त्या एका प्रश्नाने दाजी कर्वे पुतळ्यापर्यंत गप्प होते.

अ‍ॅव्हरेजच्या बाबतीत दाजींसारख्या कोथरूडकरांना एक दुखणं जास्तीचं आहे. त्यांच्या डोक्यावरच ती टेकडी आहे. वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. गाडीच्या जाहिरातीत लिटरला अमुक किलोमीटर असं छापतात, तो आकडा अशा संस्थेच्या चाचणीतून येतो. पहाटे निम्मं कोथरूड तिकडे फिरायला जातं, पण आत काय चालतं ते फार थोड्यांना ठाऊक. आत गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागच्या जागी. ठरलेल्या वेळी वेग वाढवायचा, ठरलेल्या वेळी कमी करायचा, ताशी ९०च्या वर जायचं नाही, वीसेक मिनिटांत खेळ खलास. त्या खोलीत एसी लावा म्हणणारी बायको नसते, मागे मेव्हणा नसतो आणि मुख्य म्हणजे वाघोली नसते. अशा खोलीतून लिनिया लिटरला विसाच्या थोडी वर आकडा घेऊन बाहेर पडली. तो आकडा दाजींनी मनाला लावून घेतला आहे. गेली पंधरा वर्षं ते त्या खोलीशी स्पर्धा करताहेत.

वाघोली आलीच. नगर रस्ता खराडीपासून चिकट होत जातो आणि वाघोलीत पूर्ण थिजतो. दाजींनी एसी बंद केला. 

‘का?’ ताई.

‘पडतंय.’

‘काय पडतंय?’

‘अ‍ॅव्हरेज.’

ताईने एसी लावला. दाजींनी काचा खाली केल्या, म्हणजे एसी लावण्यात अर्थ राहू नये. डाव्या बाजूने एक डंपर, उजव्या बाजूने खडीचा ट्रक, दोघांनी आपापला धूर आमच्याकडे सुपूर्द केला. ताईने काचा वर केल्या. हे लोणीकंदपर्यंत चाललं. ज्या डॅशबोर्डवर दाजींचा काडीचा विश्वास नाही, त्याच्याकडे ते दर पाच मिनिटांनी चोरून बघत होते.

पेरण्याजवळचा जयस्तंभ मागे पडला, भीमा ओलांडली आणि रस्ता जरा मोकळा झाला तसे दाजीही मोकळे झाले. फियाट त्यांच्याकडे वडिलोपार्जित. त्यांच्या वडिलांकडे प्रीमियर पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने बनायची, १०८९ सीसीचं इंजिन, गियरचा दांडा स्टिअरिंगला. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. कंपनीने नाव प्रेसिडेंट ठेवलं, मग पद्मिनी ठेवलं, लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी दाजींनी दाढी केली नव्हती.

‘आपले मावसकाका गेले तेव्हा केली होती,’ ताई मला म्हणाली.

शिक्रापूरला चहाला थांबलो आणि तिथे एक पांढरी डिझेल डिझायर उभी होती. पिवळ्या पाटीची. ड्रायव्हर बोनेटला टेकून बशीत चहा ओतत होता. दाजींनी लिनिया मुद्दाम तिच्या शेजारी लावली. दोन गाड्या शेजारी लागल्या की मालकांनी एकमेकांना काय विचारायचं ते महाराष्ट्रात ठरलेलं आहे, पण आधी कोणी विचारायचं यावर मान अवलंबून असतो. दोघंही एक कप चहाभर थांबले. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, ‘काय देती?’

‘अठरा.’ मी वही बघितलेली आहे. अठरा तिच्यात एकदाच आहे, आणि तेही कात्रज घाट उतरताना टाकी भरली तेव्हा.

‘आपली बावीस,’ ड्रायव्हर म्हणाला. त्याच्याकडे वही नव्हती, त्यामुळे तो जास्त ठाम होता.

‘देणारच,’ दाजी म्हणाले. ‘इंजिन आमचंच आहे.’

आता हे खरं आहे. १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन मूळ फियाटचं. २००५ साली त्याला आपल्या गटात आंतरराष्ट्रीय इंजिन पुरस्कार मिळाला. मारुतीने ते परवान्याने मानेसरला बनवलं आणि डीडीआयएस म्हटलं, टाटांनी क्वाड्राजेट म्हटलं, शेवरोलेच्या सेलमध्ये ते होतं, आणि एकेकाळी पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियरने आपल्या रिओ गाडीतही तेच बसवलं. थोडक्यात, एकाच आईची लेकरं आडनावं बदलून देशभर नांदत होती. पण हे डिझायरवाल्याला सांगणं म्हणजे भर चौकात त्याचं कूळ काढणं.

‘सायेब, मारुतीचं इंजन मारुतीचंच,’ तो म्हणाला.

‘उघड बोनेट.’

दोन्ही बोनेटं उघडली गेली. चहावाला, त्याचा पोऱ्या आणि एसटीची वाट बघणारे दोन जण पंच म्हणून आले. दाजी बोट दाखवत सुटले : हे बघ, हे बघ, हेही बघ. त्यात बोट एका प्लॅस्टिकच्या पुडीवर गेलं. लिनियाच्या इंजिनाशेजारी तंबाखूची पुडी बांधलेली होती. ड्रायव्हर खुदकन हसला आणि त्याने आपल्या इंजिनाशेजारचं बोटाने दाखवलं. तिथेही तंबाखूची पुडी. तोच ब्रँड.

‘उंदीर?’ दाजींनी विचारलं.

‘दोनदा वायरिंग खाल्लं.’

‘आमचं तीनदा.’ इथे मात्र दाजींना आकडा वाढवून सांगावा लागला नाही.

रिलायबिलिटी या विषयावर तज्ज्ञ काय लिहितात ते लिहोत. पुणे जिल्ह्यात गाडी बंद पडण्याचं कारण निम्म्या वेळा चार पायांचं असतं आणि त्याला वॉरंटी लागू नसते. तंबाखूच्या वासाने उंदीर येत नाही म्हणतात. दाजींच्या सोसायटीतल्या उंदरांना तिची सवय लागली असावी, असा मेकॅनिकचा अंदाज आहे.

तह होत आला होता, तेवढ्यात दाजींनी ताकद काढली. लिनियाची ९३ अश्वशक्ती, डिझायरची ७५. ड्रायव्हरने बशी खाली ठेवली. ‘तुम्ही त्र्याण्णव घोडं लावून सव्वा टन वढता. आम्ही पंच्याहत्तरात टनभर. चारा कुणाचा वाचंल?’ मग त्याने लिनियाला एक फेरी मारली, टायरला हलकेच लाथ मारली आणि मुद्द्यावर आला. ‘गाडी ग्वाड हाय. पर गिऱ्हाईक नाय मिळणार. आपली आत्ता फोन केला तर संध्याकाळी पैसं हातात.’

दाजींनी शेवटचा बाण काढला : डिकी. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचा अबकारी कर २४ वरून १६ टक्क्यांवर आला. तोवर सेडान म्हणजे पुढे नाक, मागे पेटी, आणि लांबी निसर्गाच्या मर्जीने. त्यानंतर सगळ्यांनी फूटपट्टी काढली. २००८ची डिझायर ४१६० मिलिमीटर होती, २०१२ची झाली ३९९५. पाच मिलिमीटरने कर वाचला. ४४० लिटरची डिकी ३१६ वर आली. ‘आमची पाचशे,’ दाजी म्हणाले. ‘अर्थमंत्र्याला विचारून बांधलेली नाही.’

‘पर त्यात ठेवता काय?’ ड्रायव्हरने विचारलं.

ताई म्हणाली, ‘वह्या.’

कोंढापुरी गेलं आणि रांजणगावच्या अलीकडे-पलीकडे एमआयडीसीचे फाटे सुरू झाले. कारखान्याच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे दाजींनी गाडी लावली. तोंड गेटकडे. आता इथून टाटांच्या नेक्सॉन निघतात आणि जीप कंपास, ज्या थेट जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत गेलेल्या आहेत. २०२०च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं, मल्टिजेटचा नव्या नियमांत बसायचा खर्च कोणी केला नाही, आणि इंजिन संपलं. फियाटच्या गाड्या तर त्याआधीच संपल्या होत्या. म्हणजे माहेरची माणसं बदललेली. तरी दाजींनी दोनदा हॉर्न वाजवला. गेटवरच्या रखवालदाराने हात वर केला. ताईच्या मते तो ‘पुढे चला’ म्हणत होता. दाजींनीही हात वर केला.

पहिली पाळी सुटली होती. बसगाड्या, मोटारसायकली, पाठीवर डबे. त्यातला एक पन्नाशीचा माणूस गाडी बघून थांबला. हेल्मेट काढलं, पुढे आला, बोनेटवर हात ठेवला.

‘डिझेल ना? अकराची?’

दाजी खाली उतरले. त्यांचा आवाज बदलला होता. ‘तुम्ही…?’

‘इंजिन लाइनला होतो. तेव्हा.’

माहेरचा माणूस सापडला! दाजींनी त्याचा हात हातात घेतला. मी ताईकडे बघितलं, तिने पदर सावरला. माणूस इंजिनाचा आवाज थोडा वेळ ऐकत राहिला, मग दाजींच्या जरा जवळ सरकला आणि म्हणाला, ‘अ‍ॅव्हरेज किती देते हो?’

दाजी ‘वीस’ म्हणाले. बनवणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून.

देवळासमोर नव्या गाड्यांची रांग होती. चार मीटरच्या आतल्या, नंबर न पडलेल्या, चाकाखाली लिंबू, बोनेटवर स्वस्तिक, आरशाला झेंडू. दाजींनीही हार घेतला. हारवाल्याने लिनियाकडे बघून विचारलं, ‘घेतली का विकली?’ त्रिपुरासुराला मारायला निघालेल्या शंकराने गणपतीला नमस्कार केला नाही म्हणून युद्ध जमेना, मग त्याने इथे येऊन आराधना केली, अशी या स्थानाची कथा. पुराणात त्या मोहिमेचा रथ वर्णन केलेला आहे : पृथ्वीचा सांगाडा, सूर्यचंद्राची चाकं, सारथी ब्रह्मदेव. एवढी गाडी असून काम अडलं, ते इथे आल्यावर सुटलं. ‘म्हणजे गाडीचा दोष नव्हता,’ दाजी म्हणाले. गाभाऱ्यात त्यांनी काय मागितलं ते मला शेजारून ऐकू आलं. त्यांनी उंदरांबद्दल बोलणं केलं. वाहन तुझं आहे, तूच आवर, अशा अर्थाचं.

पार्किंगमध्ये न्हावऱ्याचे एक पाहुणे भेटले, टाटा मांझावाले. तीही रांजणगावचीच, तेच इंजिन. मांझाच्या डिकीत कांद्याच्या गोणी होत्या. पाव्हण्यांच्या लेखी गाडीची किंमत, अ‍ॅव्हरेज आणि भरवसा हे तीन प्रश्न नव्हतेच. ‘किती गोण्या बसतात ते बगायचं,’ ते म्हणाले. भाव ऐकल्यावर ताईने दोन गोण्या घेतल्या. गोण्या पाचशे लिटरच्या डिकीत सरकल्या, शेजारी प्रसाद, नारळ, चपला, आणि तरी जागा उरली. ताईने झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं.

‘पासिंग करून घ्या,’ ती म्हणाली.

दाजींनी जल्लोष केला नाही. ते थेट पंपावर गेले. गळ्यापर्यंत. फेस बसू दिला, मला हलवायला लावलं, भागाकार केला आणि वहीत बघत राहिले. सोळा पूर्णांक दोन.

‘वाघोली,’ मी म्हणालो.

‘एसी,’ ते म्हणाले, ताईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. मग मागे वळून माझ्याकडे जरा निरखून बघितलं. ‘तुझं वजन किती?’

‘अठ्ठ्याहत्तर.’

‘आणि कांदे शंभर. येताना त्या खोलीसारखी परिस्थिती हवी म्हटलं तर काहीतरी उतरवावं लागेल.’

‘कांदे उतरणार नाहीत,’ ताई म्हणाली. सख्खी बहीण.

शिक्रापूरला मी नगरहून आलेली एसटी पकडली. खिडकीतून लिनिया पुढे जाताना दिसली, काचा वर, मागची सीट मोकळी, शिस्तीत साठच्या वेगाने. बस भरलेली होती. मी उभ्याने दांड्याला धरून कंडक्टरला विचारलं, ‘काय हो, अ‍ॅव्हरेज किती देते ही?’

‘सुट्टे आहेत का?’ तो म्हणाला.