कोपऱ्यातील महोदयांस अनावृत पत्र

प्रति,
मा. बहुउद्देशीय यंत्र महोदय (छपाई, झेरॉक्स, स्कॅन),
खिडकीजवळचा कोपरा, पाण्याच्या जारशेजारी.

विषय : स्कॅन केलेला कागद माझ्या लॅपटॉपात पोचता करण्याबाबत.
संदर्भ : आपल्या स्क्रीनवर वारंवार झळकलेलं ‘जोडणी अयशस्वी’ हे कारण नसलेलं उत्तर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, आपल्यात आणि माझ्या टेबलात मोजून सात पावलांचं अंतर आहे. ते कापायला कागदाला आठ दिवस पुरले नाहीत. तोवर आपल्या कुशीत पेनड्राइव्ह खुपसायचा, स्कॅन घ्यायचा, तोच उपटून लॅपटॉपात खुपसायचा, असा व्यवहार चालू आहे. जुलै महिना आहे. कर सल्लागाराच्या ऑफिसात जुलै म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. सगळा कागद आपल्याच पोटातून जातो.

आपली पहिली अट पत्त्याची. लॅपटॉपात ‘स्कॅन’ नावाचा फोल्डर केला, शेअर केला, आणि त्याचा पत्ता आपल्या चार बोटं रुंद स्क्रीनवर लिहायला उभा राहिलो. पत्त्याच्या सुरुवातीला दोन बॅकस्लॅश लागतात. आपल्या कीबोर्डवर हे चिन्ह तिसऱ्या पानावर, डॉलरच्याही पलीकडे दडवलेलं आहे. ते सापडेपर्यंत स्क्रीन कंटाळून झोपी गेली आणि लिहिलेलं सगळं पुसलं गेलं. मग कॉम्प्युटरवाला मुलगा आला. त्याने माझ्या ब्राउझरमध्ये आपला आयपी नंबर टाकून आपलं सगळं अंतरंगच उघडलं आणि अर्ध्या मिनिटात पत्ता चिकटवला. अशी सोय आहे, हे आपण एका शब्दाने बोलला नाहीत.

मग बोलीचा घोळ. फायली पोचवण्याची जी बोली आपण शिकून आलात, ती म्हणजे एसएमबीची पहिली आवृत्ती. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम याच बोलीतल्या फटीतून शिरला आणि त्याने ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांचे कॉम्प्युटर बंद पाडले. त्याच साली विंडोज १०च्या नव्या आवृत्तीतून ही बोली हद्दपार झाली. त्यामुळे आपण हाक मारता, लॅपटॉपला ऐकूही येतं, पण तो ओ देत नाही. मुलगा म्हणाला, “एक टिक मारतो, जुनं चालू होईल.” साहेब नको म्हणाले, आणि त्या एका बाबतीत मी साहेबांच्या बाजूने आहे. एका पाहुण्यासाठी मागचं दार सताड उघडं ठेवत नाहीत. आत लोकांचे पॅन नंबर आहेत. शेवटी फर्मवेअर चढवल्यावर आपल्याला दुसरी आवृत्ती बोलता येऊ लागली. या वयात नवी बोली शिकलात, अभिनंदन.

त्यानंतर आपण ओळख मागितली. मी रोज सकाळी चार आकडे दाबून लॅपटॉप उघडतो. तेच आपल्याला दिले. नामंजूर. नऊ वेळा दिले. मग कळलं की ते चार आकडे म्हणजे पिन, आणि तो त्या लॅपटॉपाच्या उंबरठ्यापुरताच. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो ज्याने ठेवला होता, तो तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला. पण पासवर्ड चुकलाय, असं आपण म्हणालात का? ‘जोडणी अयशस्वी.’ पत्ता चुकला तरी तेच, बोली जुळली नाही तरी तेच, फायरवॉलने ४४५ नंबरचं पोर्ट बंद ठेवलं तरी तेच. अहो, तहसील कचेरीतला कारकूनसुद्धा अर्ज परत फेकताना ‘तिकीट लावलं नाही’ एवढं तरी म्हणतो!

मुलाने अखेर लॅपटॉपात आपल्या नावाने वेगळं खातं काढलं आणि त्या एकाच फोल्डरात लिहायची परवानगी दिली. तीही दोनदा, शेअरिंगच्या खिडकीत एकदा आणि सिक्युरिटीच्या खिडकीत पुन्हा. एकीकडे ‘हो’ आणि दुसरीकडे ‘नाही’ असलं की ‘नाही’च खरं धरतात म्हणे. बुधवारी चार वाजून दहा मिनिटांनी पहिली पीडीएफ आली. उलटी आली, पण आली. साहेबांनी वडापाव मागवले.

गुरुवारी दुपारी वीज गेली. ती आल्यावर राउटरने सगळ्यांना नव्याने आयपी नंबर वाटले. कालपर्यंत २३ मध्ये राहणारा माझा लॅपटॉप ३१ मध्ये गेला. आपण मात्र २३चं दार ठोठावत बसलात. तिथे आता मॅडमचा मोबाइल राहतो.

राउटरला सांगून २३ नंबर माझ्या लॅपटॉपाच्या नावे कायमचा राखून घ्यायचा आहे. मुलगा सोमवारी येतो म्हणाला. कुठल्या, ते नाही म्हणाला. तोवर आपण कृपया पेनड्राइव्हची खाच तरी चालू ठेवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(पेनड्राइव्हधारक)

सोबत : मी तो मीच असल्याबद्दल आधार कार्डाची स्वसाक्षांकित झेरॉक्स. (ती आपणच काढून दिलीत. तेव्हा पासवर्ड मागितला नव्हता.)