कड्याचा मेन्टेनन्स

बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या अभियंत्याला जगात दोनच गोष्टी दिसतात: एस्टिमेट चढं आहे, नाहीतर काम कच्चं आहे. ताजमहालापुढे उभं राहून "पाण्याचा निचरा कुठून काढलाय?" असं विचारणारे गृहस्थ तुमच्या सहलीत होते ना? तेच. आमच्या पुण्याच्या सोसायटीत त्यांना मेन्टेनन्सकाका म्हणतात. तोंडावर नुसतंच काका.

कोजागरीला गच्चीवर कुणीतरी सहज म्हणालं, "शनीसारखं कडं पृथ्वीला असतं तर काय छान दिसलं असतं!"

"दिसण्याचं सोडा," काकांनी दुधाचा पेला खाली ठेवला. "टिकेल का?"

मग खिशातल्या किल्लीने टाकीच्या भिंतीवर वर्तुळ निघालं. रंगकाम यंदाचंच होतं, पण ते काकांनीच करून घेतलेलं, त्यामुळे बोलणार कोण?

"अखंड कडं मंजूरच होणार नाही. मॅक्सवेलने 1859 साली गणित छापून ठेवलंय, अखंड कडं स्थिर राहत नाही. सुटे तुकडेच हवेत, ज्याचा त्याचा फेरा वेगळा. म्हणजे खडीकाम. शनीला बर्फ परवडतो, तो लांब आहे. इथल्या उन्हात बर्फ उडून जाईल. आता हद्द. रोश नावाच्या फ्रेंच माणसाने 1848 मध्ये आखून दिलेली. आपल्याकडे ती पृथ्वीच्या मध्यापासून साधारण 18 हजार किलोमीटरवर येते. आत खडी सुटी राहते, बाहेर गेली की गोळा व्हायला लागते." त्यांनी पेल्यातल्या चंद्राकडे न बघता वरच्याकडे बोट केलं. "ते बघा, हद्दीबाहेरचं बांधकाम. साडेचार अब्ज वर्षं झाली, कुणी पाडलं नाही."

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, आपल्याला दिसेल का हो? दिसेल की, दक्षिणेला, क्षितिजापासून 45 ते 60 अंशांवर, पूर्व-पश्चिम कमान. वास्तुशास्त्राने छळलेल्या दक्षिणमुखी फ्लॅटवाल्यांचे चेहरे उजळले. तेवढ्यात काका म्हणाले, "पण डिसेंबरात भर दुपारी सूर्य नेमका त्याच्या आड जाणार. गच्चीवरच्या सोलरचं पाणी तापलं नाही तर माझ्याकडे यायचं नाही."

खरी तक्रार पुढेच होती. चंद्र आणि सूर्य ओढाताण करणार, आतल्या कडेला विरळ हवा घासणार, उजेडसुद्धा बारीक धुळीचा वेग खात राहणार. रोज थोडं थोडं खाली.

"मग शनीचं कसं टिकलं?"

"टिकलं कुठे? 2018 चा अभ्यास आहे. कड्यांचा पाऊस पडतोय शनीवर. तीस कोटी वर्षांत सगळं साफ, कदाचित त्याआधीच."

"काका, तीस कोटी वर्षं!"

"म्हणूनच सिंकिंग फंड आत्तापासून हवा."

दुसऱ्या दिवशी ते कात्रण घेऊन दारात हजर. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी 2024 मध्ये 21 जुनी आघातविवरं तपासली. त्या काळी खंड जिथे होते ते धरून पाहिलं, तर सगळी विषुववृत्तापासून 30 अंशांच्या आतच पडलेली. उल्का अशा शिस्तीत पडत नाहीत. तेव्हा 46.6 कोटी वर्षांपूर्वी एखादा लघुग्रह रोशच्या हद्दीत येऊन फुटला, त्याचं कडं झालं आणि काही कोटी वर्षं त्यातली खडी खाली पडत राहिली, असा त्यांचा तर्क. तर्कच आहे, पण मला पटतो. काकांनाही पटला होता, फक्त त्यांचा शेरा वेगळा: "म्हणजे काम झालं होतं. दोषदायित्वाच्या मुदतीतच गळती लागली."

या माणसाला पुढच्या तीस कोटी वर्षांचा घोर खरोखरच लागतो, आणि स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन मात्र कितीतरी वर्षं "बघू" वर अडकलेलं असतं. तुमच्या सोसायटीत असे काका असतील तर त्यांना बिनविरोध खजिनदार करा. फक्त त्यांच्यासमोर शनीचा विषय काढू नका.