चारचा सेट

जुन्या अलॉय व्हीलच्या जाहिरातीत चाकाची आतली बाजू दिसत नाही. बाहेरची दिसते, चारही कोनांतून दिसते. एका फोटोत ऊन असतं, एकात पॉलिशची चमक, एकात मागे तुळशीवृंदावन. पण गाडीच्या पोटाकडे वळलेली बाजू दाखवायची प्रथा नाही. चाकं घरंदाज असावीत. आणि तडे जातात ते नेमके तिथेच. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलं की बुटका टायर चेपतो आणि मार आतल्या कडेला बसतो, कारण आरे असतात बाहेरच्या अंगाला. आतल्या कडेला कोणाचा आधार नाही.

आमचा सेट एका डॉक्टरांच्या गाडीचा होता. महाराष्ट्रात जुनी गाडी किंवा तिचा कोणताही अवयव डॉक्टरांचा नसेल तर मॅडमचा असतो, आणि मॅडम फक्त भाजी आणायला जातात. विक्रेता अत्यंत सभ्य माणूस. त्याला सगळं ठाऊक होतं: सोळा इंच, चार बोल्ट, पीसीडी शंभर, ऑफसेट किती, मधलं भोक किती, कोणती रिंग घातली म्हणजे ते आपल्या हबवर घट्ट बसेल. ‘‘बिनधास्त घ्या सर,’’ असं म्हणून त्याने चाकं स्वतः उचलून डिकीत ठेवली, आणि व्हॉल्व्हच्या चार टोप्या फुकट दिल्या. त्या टोप्या आजही उत्तम आहेत.

मग डाव्या बाजूच्या पुढच्या चाकातली हवा कमी होऊ लागली. फार नाही. सोमवारी तेहतीस भरावी, गुरुवारी पंचवीस असावी, इतपतच. पेट्रोल पंपावरच्या मुलाने निदान केलं की साधी हवा निसटते, नायट्रोजन भरा. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. म्हणजे निसटत होती ती उरलेली 22 टक्के मंडळी. त्यांना काढून टाकल्यावर शुद्ध नायट्रोजन त्याच वेगाने निसटू लागला, फक्त आता पैसे देऊन आणि हिरव्या टोपीखालून.

पंक्चरवाल्याने टायर फिरवून फिरवून पाहिला. खिळा मिळाला नाही याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. शेवटी त्याने चाक पाण्याच्या टाकीत बुडवलं, आणि बुडबुडे रबरातून न येता धातूतून येऊ लागले. टायर सोडवून त्याने स्क्रू-ड्रायव्हरने करडा रंग खरवडला. रंगाखाली वेल्डिंगची जुनी शिवण होती, तिच्यावर पुट्टी होती, पुट्टीवर पावडर कोटिंग होतं, आणि त्या शिवणीला अगदी चिकटून, समांतर, केसाएवढा नवा तडा होता. ‘‘पंक्चर नाही काका, डिस्क गेलीय,’’ तो म्हणाला, आणि बुडबुडे दाखवण्याचे पैसे वेगळे घेतले.

विक्रेत्याला फोटो पाठवले. तोपर्यंत तो माझ्या संदेशांना मिनिटाच्या आत उत्तर द्यायचा. आता त्याला विचार करायला वेळ लागू लागला. विचाराअंती तो म्हणाला, आमच्याकडून गेली तेव्हा ओके होती सर, तुमच्याकडे खड्डे फार आहेत. आम्ही दोघेही पुण्याचेच. तो नगर रस्त्याला, मी सिंहगड रस्त्याला. त्याच्याकडे खड्डे नाहीत हे मला नव्याने समजलं. मी म्हटलं, ठीक, तडा माझ्या खड्ड्याने गेला; पण रंगाखालची शिवण कोणत्या खड्ड्याने घातली? यावर त्याने नमस्काराचे दोन हात पाठवले. चाकं मूळची ज्यांची त्या डॉक्टरांशी बोलू का, असं मी विचारलं. डॉक्टर परदेशी गेले होते. डॉक्टरांचं एक बरं असतं.

इथे धातूविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे, कारण पुढे भेटलेल्या कोणीही ते सांगितले नाहीत. पोलादी चाक वाकतं. पंक्चरवाला ते हातोडीने ठोकून सरळ करतो आणि दोघेही विसरून जातात. ओतीव अलॉयच्या अंगात तेवढं लवचिकपण नाही, ते फार वाकण्याआधी तडकतं. त्यात अॅल्युमिनियमबरोबर साधारण सात टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम असतं. ओतल्यावर ते पाचशे अंशांच्या वर तापवतात, झपकन थंड करतात, मग मंद आचेवर तासन् तास मुरवतात, तेव्हा कुठे त्याच्या अंगी ताकद येते. वेल्डिंगची आच ही सगळी साधना काही मिनिटांत पुसून टाकते. शिवण टिकते, शेजारचा धातू मऊ पडतो, आणि पुढचा तडा शेजारी जातो. ताशी ऐंशीच्या वेगाला हे चाक सेकंदाला अकराएक फेरे घेतं, आणि दर फेऱ्याला तड्यावर ताण येऊन जातो. तडा वाढायला आणखी काही लागत नाही.

हे मी आर्गन वेल्डिंगवाल्याला सांगायला गेलो. त्याच्या दुकानावर ‘अलॉय व्हील बेंड, क्रॅक, कट — न्यू लाइक’ असं लिहिलं होतं. त्याने चाक उजेडात धरलं, शिवणीवरून अंगठा फिरवला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जुना विद्यार्थी भेटलेल्या शिक्षकाचा आनंद उमटला. ‘‘हे काम आपल्याच हातचं आहे,’’ तो म्हणाला. ‘‘आता तुम्हीच बघा. वेल्डिंग कुठे तुटलंय? वेल्डिंगला काही झालेलं नाही. तुटलंय ते बाजूचं.’’ मग बाजूचंही करून देतो म्हणाला, जुनं गिऱ्हाईक म्हणून सवलतीत. जुनं गिऱ्हाईक मी नव्हतो, चाक होतं. गॅरंटीचं विचारलं तर वेल्डिंगची गॅरंटी आयुष्यभराची होती. कोणाच्या आयुष्यभराची, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने चाकाकडे तीन फुटांवरून पाहिलं. आफ्टरमार्केट मालाला ते हात लावत नाहीत. मात्र ‘ग्राहकास सूचना दिली’ एवढं जॉब कार्डावर छापून माझी सही घेण्याला त्यांची ना नव्हती.

विमावाल्यांचं तर कौतुकच केलं पाहिजे. फोनवरच्या मुलीने आधी विचारलं की ही चाकं पॉलिसीत वेगळी नोंदवली आहेत का. आहेत, जादा प्रीमियम भरून. मग तिने विचारलं, गाडीला आणखी काही इजा? नाही. तिचा आवाज उतरला. नुसता टायर फाटला तर भरपाई नाही, त्याच वेळी गाडीलाही मार लागला तर टायरच्या किमतीच्या निम्मी मिळते, हे कलम पॉलिसीत आहेच. चाकाच्या बाबतीतही अपघाताने अचानक तुटलेलं चाक त्यांना चालतं, हळूहळू तुटणारं नाही. हळूहळू होणाऱ्या गोष्टी झीज या सदरात जातात. थोडक्यात, मी वेळेवर चाक तपासून गाडी कुठे आपटली नाही, ही माझ्या क्लेमची खरी अडचण होती.

प्रवासी गाड्यांच्या चाकांसाठी आपल्याकडे भारतीय मानक आहे, आयएस 9436. त्यात चाकाला वळणाचा ताण देतात, भाराखाली फिरवतात, आणि चाक 13 अंशांत तिरपं धरून वरून वजन सोडतात. हे सगळं नव्या चाकाचं. एकदा आपटलेलं, शिवलेलं, रंगवलेलं आणि डॉक्टरांचं म्हणून विकलेलं चाक त्या यंत्रावर कोणी पुन्हा चढवत नाही.

सोसायटीत एव्हाना बातमी पसरली होती. देशपांडे काकांनी आत ट्यूब टाकायला सांगितली. ट्यूब टाकली की हवा जात नाही, आणि हवा गेली नाही की तडा वाढतोय हे कळत नाही. मनःशांतीसाठी याहून चांगला उपाय नसेल. वरच्या मजल्यावरच्या मुलाने सीलंटची बाटली सुचवली, जी तड्याला नव्हे तर खिळ्याला औषध आहे. घरून सूचना आली की माळ्यावरची चार पोलादी चाकं एकदाची खाली काढा किंवा भंगारात द्या, पण लोकांची चप्पल ठेवायची जागा अडवू नका. ती माळ्यावर आहेत आणि चपला माळ्यावर ठेवत नाहीत, हे मी बोललो नाही.

मला हवं होतं फक्त एक चाक. नाना पेठेत स्पेअरपार्टची दुकानं एकाला एक लागून आहेत, आणि प्रत्येकाने मला पुढच्याकडे पाठवलं. डिझाइन बंद झालं होतं. एका ठिकाणी तेच डिझाइन मिळालं, आनंदाने हात पुढे केला, तर दुकानदार म्हणाला, ‘‘एक नाही मिळणार शेठ. चारचा सेट आहे.’’ मी विचारलं, चारच्या चार चांगली आहेत? तो म्हणाला, एकदम कडक, एका डॉक्टरांच्या गाडीची. आतली बाजू पाहू का म्हटलं, तर पोरगा गोडाऊनची किल्ली घेऊन जेवायला गेला होता.

परत येताना मी तडकलेलं चाक भंगारवाल्याकडे नेलं. या साऱ्या प्रवासात घेण्याआधी माल उलटून पाहणारा हा पहिलाच माणूस. आतली बाजू पाहिली, शिवण पाहिली, तडा पाहिला, कशानेही त्याचा भाव हलला नाही. मग पक्कड घेऊन त्याने व्हॉल्व्ह काढला आणि बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं एकेक करून उचकटली. ‘‘हे लोखंड आहे, अॅल्युमिनियमच्या भावात कसं घेऊ?’’ चाक काट्यावर चढलं, नऊ किलोच्या आसपास भरलं. नोटा मोजून हातात देताना त्याने डिकीतल्या रिकाम्या जागेकडे आणि मग गाडीखालच्या बाकीच्यांकडे बघितलं.

‘‘उरलेली तीन कधी आणताय?’’