स्वातंत्र्याचा हप्ता

आर्थिक स्वातंत्र्य मिळवायचं तर आधी थोडं कर्ज लागतं, हे मला नागपूरच्या एका दिवसाच्या कार्यशाळेत कळलं. तिची फी मी क्रेडिट कार्डाने भरली, सहा हप्त्यांत. खर्च कमी करायला सांगणारं एक ॲप तिथे मिळालं. ते जुन्या मोबाइलवर चालेना, म्हणून नवा घेतला. त्याचे हप्ते बारा.

हिशेब मात्र चोख आहे. महिन्याचा खर्च 40 हजार, म्हणजे वर्षाचा 4 लाख 80 हजार. त्याच्या पंचवीसपट, 1 कोटी 20 लाख साठले की माणूस मोकळा. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकी सल्लागाराने 1994 साली मांडलेल्या गणितातून हा आकडा आला. बेंगेनसाहेबांनी चंद्रपुरात मे महिना काढलेला नसावा. 2920 मेगावॉटचं वीजकेंद्र आमच्या उशाशी आहे, पण एसीचं बिल त्या नात्याला जागत नाही. इथे तीसपटच धरावं.

एवढं ज्ञान गाठीशी बांधून मी वैनगंगा ओलांडतो, तेव्हा पलीकडच्या लोकांची फार काळजी वाटते. धानोरा रस्त्यावरच्या मेंढा (लेखा) गावाचंच घ्या. 2009 साली त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एखाद्या जाणत्या माणसाने पहिल्याच आठवड्यात त्याचे प्लॉट पाडले असते. यांनी उलट 2013 साली ग्रामदानाचा ठराव केला, तोही 1964 सालचा कायदा धुंडाळून, आणि शेतीची मालकीसुद्धा ग्रामसभेकडे द्यायचं ठरवलं. कसणारा तोच, पण वावर गावाबाहेर विकायची सोय नाही. आता अशा वावरावर कुठला साहेब टॉप-अप लोन देईल? मुलीच्या लग्नात डीजे आणि ड्रोन कशाच्या जोरावर आणायचा? एका ठरावाने पिढ्यान्‌पिढ्यांची पत घालवली म्हणायची.

आणि ठराव तरी कसे करतात? बहुमताने नाही, एकमताने. एकाला पटलं नाही तर सगळे थांबतात. त्यात कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे अभ्यासगटाचीही सवय लागलेली; आधी विषय समजून घ्यायचा, मग ठरवायचं. आमच्या अपार्टमेंटच्या सभेत लिफ्टचा ठराव चार मिनिटांत बहुमताने मंजूर झाला होता. लिफ्ट बंद आहे ही गोष्ट वेगळी.

सरकारने मेंढ्याला सुधारायचा बराच प्रयत्न केला, हे मान्य करायला हवं. 1927 च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवलं होतं. झाड म्हटलं की वनखातं आलं, परवाना आला, परवान्यामागून शिस्त आली. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणतं, पण शास्त्रज्ञांकडे शिक्का नसतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात घातला, तरी शिस्त काही काळ तग धरून होती. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. माझ्याकडेही पासबुक आहे. ते द्यायला कोणी मंत्री आला नव्हता, पण त्यात नोंदी पुष्कळ आहेत, सगळ्या नावेच्या बाजूला.

तरी मेंढ्याचं एक वेळ समजून घेता येईल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने तर कमाल केली. तेंदूचा हंगाम म्हणजे आमच्या भागात मे महिन्यातली रोकड. पहाटे रानात जायचं, कोवळी पानं खुडून गाठोडं डोक्यावर घरी आणायचं. मग ओसरीवर घरातली म्हातारी, सून आणि सुट्टीतली पोरं एका देठावर दुसरा देठ ठेवत बसतात. सत्तर पानांचा एक पुडा. बोटं हिरवी, मग काळी होतात. दुपारी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, पुडे मोजून द्यायचे, आणि असे हजार पुडे झाले की एक गोणी. म्हणजे सत्तर हजार पानं. घरात वर्षातून एकदा एवढा पैसा एकरकमी दिसतो. तो पैसा पाचगावने नाकारला. कारण काय, तर पानासाठी फांद्या छाटतात, नवी पालवी यावी म्हणून रानाला आग लावतात, आणि मग झाडाला टेंभरं धरत नाहीत. टेंभरं! बाजारात ज्या फळाला धड भावही नाही, ते पोरांना आणि पाखरांना खाता यावं म्हणून नगद रक्कम सोडली. 2012 साली जंगलावर हक्क मिळालेला, त्यातला बांबू तोडून विकतात आणि त्यावर निभावतात.

माझ्या ॲपमध्ये या व्यवहारासाठी रकाना नाही. मी शोधला. ‘चैन’मध्ये टाकावं तर खर्च शून्य, ‘बचत’मध्ये टाकावं तर शिल्लक दिसत नाही.

या लोकांना आमच्या कार्यशाळेला आणावं, असं मनात आहे. फीचं कसंही जमेल, हप्ते पाडून देतात. अडचण एकच. मेंढ्याचे लोक यायचे तर आधी विषय ग्रामसभेत ठेवावा लागेल, अभ्यास होईल, आणि कुणीतरी विचारेल की शिकवणारा स्वतः मोकळा झाला का. तिथे एकमत व्हायला किती महिने लागतील सांगता येत नाही. माझा हप्ता पाच तारखेला आहे.