माजी विद्यार्थी गौरव समितीस अनावृत पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
माजी विद्यार्थी व हितचिंतक गौरव समिती,
आमचे विद्यापीठ (नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्र आपल्यालाच आहे, असं ज्यांना वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.)

विषय : विद्यापीठसेवेबद्दलच्या गौरवासाठी नाव सुचविणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, आपलं परिपत्रक पोचलं. पदवी घेऊन बाहेर पडल्यापासून विद्यापीठाने आपणहून मला पाठवलेलं हे पहिलंच पत्र, आणि तेही ‘प्रिय माजी विद्यार्थी’ अशा मायन्याचं. ज्या विद्यापीठाने स्थलांतर प्रमाणपत्रासाठी मला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर आणि तिथून थेट जेवणाच्या सुट्टीवर पाठवलं, त्याच्या मनात माझ्याविषयी इतकं साठलेलं असेल याची कल्पना नव्हती. गहिवरून मी पत्र शेजारच्या निवृत्त प्राचार्यांना दाखवलं. त्यांनी चष्माही न लावता विचारलं, “नॅक कधी येतंय?”

तेव्हा उलगडा झाला. विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असतात. म्हणजे नॅकची समिती यायची झाली की आम्ही प्रिय होतो. एरवी आमची आठवण होते ती अधिसभेच्या निवडणुकीत. २०१६च्या विद्यापीठ कायद्याने नोंदणीकृत पदवीधरांना दहा जागा दिल्या आहेत, आणि तेवढ्यापुरते आम्ही सुज्ञ मतदार असतो.

असो. मागच्या वर्षीच्या समारंभाला मी हजर होतो. देखणा झाला. समई पंख्याच्या वाऱ्याने तीनदा विझली, तेव्हा पंखा बंद केला आणि पाहुणे विझू लागले. मागच्या रांगा भरण्यासाठी प्रथम वर्षाची मुलं हजेरीच्या बोलीवर आणून बसवली होती. सत्कारमूर्तींत एक बांधकाम व्यावसायिक होते, त्यांनी विद्यापीठाला कमान दिली आहे. कमानीवर विद्यापीठाच्या नावाची अक्षरं एक फुटाची आणि त्यांच्या तीर्थरूपांच्या नावाची दीड फुटाची आहेत. एक लोकप्रतिनिधी होते. त्यांची सेवा कोणती, हे सूत्रसंचालकाने चार शेर म्हणून सांगायचं टाळलं. तिसरे अमेरिकेतले माजी विद्यार्थी. त्यांनी भाषणात विद्यापीठाने आपल्याला ‘संयम शिकवला’ असं सांगितलं. टाळ्या पडल्या. ट्रान्स्क्रिप्टसाठी ताटकळलेल्यांनी जरा जास्त वाजवल्या.

देणगीदारांचं नाव लावू नये, असं माझं म्हणणं नाही. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह सर कावसजी जहांगीर रेडिमनी यांच्या नावाने उभं आहे, आणि ते रास्तच आहे. प्रेमचंद रायचंद तर त्या विद्यापीठाचे पदवीधरही नव्हते. ते मुंबईच्या शेअरबाजाराचे अनभिषिक्त राजे. १८६४ साली त्यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले, मग घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. पुढच्याच वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, त्यांच्यामागून मुंबईतल्या कंपन्या आणि बँका कोसळल्या आणि प्रेमचंदशेठही बुडाले. मनोरा मात्र १८७८ साली पुरा झाला. त्याला नाव लागलं ते त्यांच्या आईचं, राजाबाईंचं. विद्यापीठाने त्याबद्दल शेठजींना दरवर्षी शाल पांघरली असती, तर ग्रंथालयात पुस्तकांना जागा उरली नसती.

विदर्भातही एक मासला आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे मँगेनीजच्या व्यवसायातले गृहस्थ. त्यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला तिसाहून अधिक लाख रुपये ठेवले, तेही १९३०च्या सुमाराचे. त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था निघाली आणि आता तिचंच स्वतंत्र विद्यापीठ झालं आहे. पैसे मरणोत्तर दिल्यामुळे सत्काराला हजर राहण्याची सोयच रावबहादूरांनी ठेवली नव्हती. छायाचित्र नाही, मनोगत नाही. आपल्या निकषांत ते बहुधा बसले नसते.

तर आता माझं नामांकन. सोबत आपला छापील अर्ज भरून जोडला आहे (तीन प्रतींत, साक्षांकित).

नाव : आमच्याच विभागातल्या एक मॅडम. एम. ए. इथूनच, पीएच. डी. इथूनच, मध्ये सेटही झालेल्या. म्हणजे दोन पदव्यांच्या माजी विद्यार्थिनी.
सध्याचा हुद्दा : तासिका तत्त्वावर सहायक प्राध्यापक.
विद्यापीठास दिलेले योगदान (रुपये लाखांत) :

या रकान्यापाशी मी थोडा अडलो, मग हिशेब केला. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाला वेतन आयोगाप्रमाणे वर्षाला जे मिळतं, त्यातून मॅडमना मिळालेलं मानधन वजा करायचं आणि उरलेल्या आकड्याला त्यांच्या सेवेच्या वर्षांनी गुणायचं. ही झाली त्यांनी विद्यापीठाला दिलेली देणगी. कमानीचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे, सिमेंट चांगलं वापरलंय असं धरलं तरी. शिवाय मॅडमनी आयकर सवलतीसाठी पावतीही मागितलेली नाही.

त्यांचं महिन्याचं बिल आपण कधी पाहिलं नसेल म्हणून सांगतो. तारीख, वर्ग, तास, शिकवलेला घटक, अशी एकेक ओळ. खाली विभागप्रमुखांची सही. एका ओळीत खाडाखोड झाली की सगळं बिल परत. दिवाळीच्या सुट्टीत तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत. परीक्षेच्या काळात तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत, पर्यवेक्षण मात्र आहे. मे महिन्यात विद्यापीठ त्यांना ओळखत नाही, जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला बोलावतं आणि त्यांनीच लिहिलेल्या अभ्यासक्रमावर प्रश्न विचारतं. स्थळं पाहायला आलेली माणसं “प्राध्यापक का? वा!” म्हणून चहा घेतात, “पर्मनंट का?” विचारतात आणि पोहे अर्धे टाकून उठतात.

आणि आपल्या समितीला गंमत वाटेल, नॅकच्या पाचव्या निकषाची फाईल मॅडमच करताहेत. ‘प्रिय माजी विद्यार्थी’ हा मायना त्यांचाच. माजी विद्यार्थी मेळाव्याला या म्हणून मला फोन आला तो त्यांचा, रात्री साडेआठला, विभागातूनच. फायलीला रंगीत चिठ्ठ्या लावणं चाललं होतं. हे तास बिलात धरता येत नाहीत, कारण त्या वेळी वर्गात विद्यार्थी नसतात.

अशी माणसं प्रत्येक विभागात आहेत आणि बरीचशी आपलीच माजी विद्यार्थी आहेत. जागा रिकाम्या असूनही विद्यापीठाची दारं उघडी राहतात, ती ह्यांच्यामुळे. सगळ्यांना व्यासपीठावर बोलवायचं म्हटलं तर व्यासपीठ पुरणार नाही, हे मला कळतं. शाली आणि नारळही परवडणार नाहीत. मानचिन्हाचा तर त्यांना उपयोगच नाही, भाड्याच्या खोलीत ठेवायचं कुठे? तेव्हा समारंभ ठरल्याप्रमाणे कमानवाल्यांचाच करावा, माझी हरकत नाही.

फक्त मॅडमची ऑगस्टपासूनची बिलं वित्त विभागात पडून आहेत. समई पेटवण्याआधी तेवढी मंजूर करावीत, ही विनंती. कळावे.

आपला,
एक नोंदणीकृत पदवीधर

प्रत, माहिती व पुढील कार्यवाहीसाठी : मा. वित्त व लेखा अधिकारी